ट्रीनाची साक्ष

ट्रीना आरेंड्सेच्या हातचा मार खाल्ला नाही असा माणूस आमच्या गल्लीत दिवा घेऊन शोधावा लागला असता. नवऱ्याने खाल्ला, तो एक दिवस बंदरावर बोटीत चढला तो गेलाच. पाववाल्याने खाल्ला, पिठात भेसळ करतो म्हणून. एका गोऱ्या पोलिसानेही खाल्ला, त्यापायी ती तुरुंगात जाऊन आली आणि बाहेर पडता पडता दारावरच्या शिपायाला म्हणाली, "वसूल झालं बाबा, माझी काही तक्रार नाही." बाई उंचीला बेताची, पण मनगटं खलाशाची.

हॅनोव्हर रस्त्यावरच्या मासळीबाजारात तिची फळी होती. स्नूक विकायची. स्नूक म्हणजे लांबलचक, चावरा मासा; गळाला लागला की होडीतच त्याचं टाळकं फोडावं लागतं, नाहीतर तो हाताचं बोट तोडून नेतो. "स्नूक आणि ट्रीना, दोघांच्या तोंडाजवळ हात नेऊ नये," असं बाजारात म्हणायचे. तीही ऐकून खुशीत हसायची. पण एक सांगतो, त्या अख्ख्या बाजारात खोटं न बोलणारी ती एकटी. शिळ्या माशावर पाणी मारून ताजा म्हणून खपवणारे छप्पन्न होते, ट्रीना तोंडावर सांगायची, "कालचा आहे. घ्यायचा तर घे, नाहीतर चालू लाग, माझं ऊन अडवू नकोस."

पोरगा एकच, बेसिल. देखणा, उंच, आणि झोपेचा असा पक्का की घर पेटलं तरी उठायचा नाही. ट्रीना पहाटे बाजाराला निघताना त्याच्या गालावर एक सणसणीत थप्पड ठेवून द्यायची. "आई गं!" करत तो उठायचा, शिव्या घालायचा, आणि मग दोघं हसत चहा प्यायची. त्या घरातली माया ती तशीच होती.

समोरच्या दारात हेटी कुपिडो राहायची, कपडे शिवणाऱ्या कारखान्यात कामाला. तिचा जोनास बेसिलच्या बरोबरीचा. दोघं पोरं एकाच मोरीत नागडी वाढली. जोनास शाळेतून पळाला तेव्हा ट्रीनानेच त्याला आपल्या फळीवर उभा केला आणि चाकू हातात दिला. मुठीत कसा धरायचा, गळ्याखाली कुठे घालायचा, कणा न मोडता पोट कसं उघडायचं, सगळं तिने शिकवलं. पोरगं हुशार, वर्षभरात तिच्यापेक्षा चपळ झालं.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या तारखेला आमचे मेळे निघतात. साटीनचे डगले, तोंडाला रंग, बॅन्जो, ढोल, आणि पुढे काठी फिरवत नाचणारा म्होरक्या. गोऱ्यांचं राज्य वर्षभर आमच्या मानेवर, पण त्या दिवशी रस्ता आमचा. आणि त्या दिवसाची सगळी इज्जत डगल्याच्या रंगात. मेळ्याचा यंदाचा रंग कोणता, हे शिंपी खिडक्या बंद करून शिवतो; बायकोला सांगत नाही, पाद्र्याला सांगत नाही. रंग आधी फुटला तर मेळ्याचं नाक कापलं गेलं म्हणून समजा. आमच्याकडे चोरी माफ होते, बायको पळवणंही एखादवेळी माफ होतं. रंग फोडणं होत नाही.

बेसिल त्या वर्षी म्होरक्या होता. जोनास बॅन्जोवर. आणि जोनासने दारूच्या तारेत एका पोरीला सांगून टाकलं, "यंदा आम्ही हिरवे, सोनेरी अस्तर." पोरीचा भाऊ पलीकडच्या मेळ्याचा कप्तान. झालं! दुसऱ्या तारखेला आमचा मेळा कोपऱ्यावरून वळला तर समोरून दुसरा मेळा येतोय, हिरवा, सोनेरी अस्तर, आणि आमच्या आधी. लोक पोट धरधरून हसले. "अरे, एकाच ताग्यातले काय रे सगळे?" म्हणून गॅलरीतून म्हाताऱ्या ओरडत होत्या.

रंग कुणी फोडला ते कळायला वेळ लागला नाही. बेसिलने भर रस्त्यात जोनासला धरला. हातातली म्होरक्याची काठी त्याच्या पाठीवर मोडेपर्यंत मारली. मग त्याच्या अंगातून डगला ओढून काढला, ज्याच्यापुढे मार काहीच नाही, आणि तो डगला गटारात टाकून वर थुंकला. जोनास उघड्या अंगाने, तोंडावरचा रंग रक्तात कालवलेला, उठला. चाकू त्याच्या विजारीच्या पट्ट्यात होता. बाजारातल्या माणसाच्या असतोच. पाठ फिरवलेल्या बेसिलच्या कानाच्या वर त्याने तो मुठीपर्यंत घातला. ओढायला गेला तर पातं आत मोडलं, नुसती मूठ हातात आली.

ढोल वाजतच होते. मागच्यांना काय कळणार!

ट्रीना फुटपाथवर खुर्ची टाकून बसली होती. ती कशी उठली, बाटली कुठे फोडली, कुणी पाहिलं नाही. जोनास त्या मुठीकडे बघत खुळ्यासारखा उभा होता. तिने फुटक्या बाटलीने त्याचा चेहरा भुवईपासून हनुवटीपर्यंत उघडला. "तुझं पोट फाडते, मुडद्या! मी शिकवलं ना तुला? बघ आता कसं फाडतात!" तिला आवरायला चार गडी लागले आणि त्यातल्या एकाचा अंगठा ती चावली. हेटी धावत आली, पोराच्या अंगावर आडवी पडली. बाटलीचा दुसरा वार तिच्या खांद्यात बसला.

टेकडीवरच्या मोठ्या इस्पितळाला दोन दारं. एक गोऱ्यांचं, एक आमचं. आतले रस्तेही वेगळे. डॉक्टर लोकांनी एकाचं काळीज काढून दुसऱ्याच्या छातीत बसवायला सुरुवात केली त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या गावाचं नाव साऱ्या जगात झालं होतं आणि गोरे रस्त्याने असे चालत होते, जणू प्रत्येकाने घरी बसून एकेक काळीज बसवलंय. आमच्यात मात्र गंमत चालायची: "टेकडीवर गेलास तर काळीज घरी ठेवून जा रे बाबा." हसणाऱ्यांना तेव्हा हसू यायचं.

ट्रीना बाकावर बसली होती. हाताला वाळलेलं रक्त, पोराचं की जोनासचं, कुणास ठाऊक. एक गोरा डॉक्टर आला, तिच्यासमोर चक्क गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "मिसेस आरेंड्से."

जन्मात कुठल्या गोऱ्याने तिला मिसेस म्हटलं नव्हतं. एवढं गोड बोलतोय म्हणजे याला काहीतरी फुकट हवंय, हे उभा जन्म बाजारात गेलेल्या बाईला लगेच कळलं. "बोला, काय पाहिजे?" ती म्हणाली.

डॉक्टरने सांगितलं, की मेंदू गेलाय. श्वास यंत्र देतंय. काळीज तेवढं चालू आहे, जवान आहे, पण यंत्र काढलं की तेही थांबेल. पलीकडच्या वॉर्डात एक माणूस आहे, त्याचं काळीज संपलंय.

"गोरा आहे का तो?"

डॉक्टरने मान खाली घातली. "हो."

"मला आधी पोराला बघायचंय."

बेसिल पांढऱ्या चादरीत पडला होता. गाल गरम, छाती वरखाली होतेय, कुणीही म्हणावं झोपलाय. ट्रीनाने क्षणभर बघितलं आणि हात उगारून त्याच्या गालावर अशी थप्पड मारली की नर्सच्या हातातलं भांडं पडलं. पापणी हलली नाही. तिने दुसरी मारली. तिसरी मारली. गालावर बोटं उमटली, पण पोरगा "आई गं" म्हणाला नाही. तेव्हा तिला कळलं. डॉक्टरच्या यंत्रांनी सांगून जे पटलं नसतं ते तिला तिथे कळलं, आणि तिने त्याच्या गालावर आपला गाल ठेवला.

मग बाहेर येऊन डॉक्टरला म्हणाली, "ज्या बाकावर माझं ढुंगण टेकू देत नाही, त्या बाकावर माझ्या पोराचं काळीज बसणार तर! घ्या. किड्यांनी खाण्यापेक्षा बरं." आणि कागदावर सही केली.

बातमी पेपरात आली. ज्याला बेसिलचं काळीज बसवलं तो द्राक्षमळ्याचा गोरा मालक, उशीला टेकून अंडं खातोय, असा फोटो. गल्लीला तेवढंच हवं होतं. बिनकाळजाचा माणूस कयामतीच्या दिवशी उठेल कसा, म्हणून म्हाताऱ्या कुजबुजल्या. धुण्याच्या घाटावर मॅगी फोर्टेन सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "काय गं ट्रीना, किलोने दिलंस की नगावर?" ट्रीनाने ओली चादर पिळून तिचा सोटा केला आणि मॅगीचे पुढचे दोन दात पाडले. "हे नगावर," म्हणाली. त्यानंतर तोंडावर कुणी बोललं नाही. पाठीमागचं बोलणं थोडंच थांबतं!

हेटीचा तर तिने छळ मांडला. रोज बाजारातून येताना माशांची आतडी डबाभरून आणायची आणि हेटीच्या उंबऱ्यावर ओतायची. हेटी बाहेर यायची, एका हाताने झाडून काढायची. दुसरा हात अजून गळ्यात बांधलेला. सगळी गल्ली बघायची. मला विचाराल तर त्या झाडण्याची आम्हाला जास्त भीती वाटायची.

जोनासवर खुनाचा खटला उभा राहिला. खून म्हणजे फास. त्याच्या बचावाला सरकारने एक पोरसवदा गोरा वकील दिला होता. तो एक दिवस मासळीबाजारात चिखल चुकवत चुकवत ट्रीनाच्या फळीपाशी आला.

"आंटी, माझं ऐकून घ्या. काळीज थांबलं की माणूस मेला, असं आजवर कोर्ट मानत आलंय. तुमच्या मुलाचं काळीज चाकूने थांबलंच नाही. ते डॉक्टरांनी काढलं, आणि अजून चालू आहे. मग मारलं कुणी? डॉक्टर म्हणणार, आधीच मेला होता. पण डॉक्टर स्वतःचीच बाजू मांडणार. शेवटी त्याच्याजवळ होतात तुम्ही. तो जिवंत होता असं तुम्हाला वाटलं, एवढं जरी म्हणालात तरी जज्जाच्या मनात शंका राहील. खुनाचा प्रयत्न धरतील, खून नाही. पोरगा तुरुंगात जाईल, फासावर नाही."

ट्रीनाने माशाच्या पाण्याची बादली त्याच्या बुटांवर रिकामी केली. "म्हणजे मी मारलं? सही माझी, म्हणजे मी मारलं माझ्या पोराला, असं सांगू?"

वकील ओल्या बुटांनी गेला. रविवारी चर्चनंतर हेटी आली. दारात उभी राहिली. ट्रीनाने उठून तिला मुस्काटात दिली. हेटी हलली नाही. दुसरी दिली. हेटीच्या ओठातून रक्त आलं.

"मार," हेटी म्हणाली. "अजून मार. झालं की सांग, मग बोलते."

"बोल, भवाने."

"फाशी प्रिटोरियात देतात. इथून दोन दिवसांची आगगाडी. मेल्यावर पोरगा देत नाहीत, ट्रीना. कुठे पुरतात सांगत नाहीत. तुझ्या बेसिलला कबर आहे. आत काय नाही ते नाही, पण कबर आहे, तू जाऊन बसतेस. मला जमीनसुद्धा दाखवणार नाहीत."

"चाकू घालताना विचारायचं होतं त्याने."

"हो. विचारायचं होतं," हेटी म्हणाली आणि गेली.

ट्रीना बधली नाही. खटल्याच्या दिवशी काळा झगा इस्त्री करून घालून निघाली तेव्हा आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, ती कशाला चाललीय. जोनासला लटकवायला चाललीय. आणि त्यासाठी तिला खोटंही बोलायचं नव्हतं. जे तिच्या हाताला कळलं तेवढं सांगायचं होतं.

साक्षीदारांना बाहेर बसवतात. कोर्टाच्या व्हरांड्यात आमच्यासाठी वेगळा बाक होता. तिच्या शेजारी, जणू ती तिथे नाहीच, दोन गोरे पोलीस सिगारेट ओढत उभे होते.

"आज संपेल ना रे?" एक म्हणाला. "म्हातारीची साक्ष झाली की गेला तो हॉटनॉट." गोरे आम्हाला देतात ती शिवी.

"जवान आहे," दुसरा म्हणाला. "टेकडीवर फोन करून ठेव. फासावरचं काळीज ताजं मिळेल. रांगेत कुणीतरी आपला साहेब असेलच."

"एकाच गल्लीतून दोन! बरी पैदास आहे." आणि दोघं हसले.

ट्रीनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरा कुठला दिवस असता तर तिथल्या तिथे त्याचं नाक फुटलं असतं. तिची मूठ वळलीही. पण ती उठली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ट्रीना आरेंड्सेने उगारलेला हात मांडीखाली दाबून धरला. तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं.

आत जोनास आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. चेहऱ्यावर तिने केलेली खूण, वाकडीतिकडी शिवलेली. खाली बघत होता. पोरगा वाळून अर्धा झाला होता, आणि त्याची मान, तिला पहिल्यांदाच दिसली, फार बारीक होती.

बायबलवर हात ठेवून तिने शपथ घेतली. सरकारी वकील मऊ आवाजात म्हणाला, "ट्रीना, घाबरू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय ते फक्त खरं की नाही एवढं सांग. तू मुलाला पाहिलंस तेव्हा तो गेलेला होता. तुझ्या लक्षात आलं होतं. बरोबर?"

ट्रीनाने जोनासकडे पाहिलं. जज्जाने वर पाहिलं. "उत्तर दे, बाई."

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"गेलेला नव्हता. जिवंत होता माझा पोरगा."

सरकारी वकिलाच्या हातातला कागद तसाच राहिला. मागे हेटीने तोंडावर हात ठेवला. डॉक्टर, तोच तो गुडघ्यावर बसलेला, जागेवरून अर्धा उठला.

"तू त्याला थपडा मारल्यास. नर्सने पाहिलंय. तो हलला नाही," सरकारी वकील म्हणाला.

"हलला. नर्स भांडं उचलत होती, तिला काय दिसणार? त्याने पापणी हलवली. माझा हात गरम झाला त्याच्या गालाने. मेलेला मासा मी रोज हाताळते साहेब, मेलेलं कसं लागतं ते मला शिकवू नका."

"जिवंत होता असं वाटत होतं," वकिलाचा मऊपणा आता सरला होता, "तर त्याचं काळीज कापून न्यायला परवानगी का दिलीस?"

"तुमचा डॉक्टर मला मिसेस म्हणाला," ट्रीना म्हणाली. "मला भूल पडली."

कुणीतरी मागे हसलं. जज्जाने हातोडा आपटला. वकील तिच्या अगदी जवळ आला. "शपथेवर सांग. तुझ्या म्हणण्याप्रमाणे या आरोपीने तुझ्या मुलाला मारलं नाही. मग कुणी मारलं?"

ती साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा धरून उभी होती. जोनासने मान वर केली, आणि तो नको, नको, अशी मान हलवायला लागला. ट्रीनाने त्याच्याकडे एवढ्या रागाने बघितलं की तो थांबला.

"मी," ती म्हणाली. "मी सही केली. लिहून घ्या. मी मारलं."

जोनासला अठरा वर्षं मिळाली. फास टळला. त्या संध्याकाळी गल्लीत ट्रीनाशी कुणी बोललं नाही. स्वतःच्या तोंडाने कबूल केलेल्या बाईशी काय बोलणार? मॅगी फोर्टेनने दारावर कोळशाने काहीबाही लिहिलं, ते ट्रीनाने पुसलं नाही. बाजारात लोक दुसऱ्या फळीवर जायला लागले. द्राक्षमळेवाला थंडीत मेला, त्याचीही बातमी आली. ती वाचून कुणी तिला विचारलंसुद्धा नाही.

आणि मग त्या बाईचं काय व्हायला लागलं ते सांगायला हवं. सवय नसलेल्या माणसाने खोटं बोलू नये हेच खरं. सराईत माणूस खोटं बोलतो आणि झटकून टाकतो. ट्रीनाला झटकता येईना. ती फळीवर मासा कापता कापता थांबायची. तळवा उलटा सुलटा करून बघायची. पापणी हलली होती का? गाल तर गरम होता. यंत्राने गरम राहतं म्हणे, पण म्हणे! चौथी थप्पड मारली असती तर? तीनच का मारल्या? कोर्टात सगळ्यांदेखत जे बोलली, ते आता तिला रोज कुणीतरी आतून बोलून दाखवत होतं. तिचं वजन उतरलं. हात चालेनासे झाले. एक उनाड पोर तिला "म्हातारे" म्हणून चिडवून गेलं, तरी तिने मारलं नाही. तेव्हा आम्ही घाबरलो.

एका दुपारी ती हेटीच्या दारात जाऊन उभी राहिली. आमची सगळी वस्ती उठवून ती गोऱ्यांना द्यायचं सरकारने ठरवलं होतं; वरच्या अंगाला त्यांची यंत्रं घरं पाडत होती, धुळीने आभाळ दिसत नव्हतं. हेटी भोपळा चिरत होती. ट्रीनाला बघून तिने आपोआप हात तोंडासमोर धरला, आता बसणार म्हणून.

"हेटी," ट्रीना म्हणाली. आवाज ओळखू येत नव्हता. "तू सांग. दुसऱ्या कुणाला विचारू मी? तो गेला होता ना गं? मी नेऊ दिला तेव्हा गेलेलाच होता ना?"

हेटीने सुरी खाली ठेवली. ज्या खोट्याने तिचं पोर वाचलं होतं ते तिच्यासमोर उभं होतं. ती उठली, आणि ज्या हाताचा मार तिने वर्षभर खाल्ला होता तो हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला.

"गेला होता, ट्रीना," ती म्हणाली. "माझ्या जोनासने मारला त्याला. रस्त्यातच मारला. तू नाही मारलंस."

"पुन्हा सांग."

"माझ्या पोराने मारला तुझ्या बेसिलला."

ट्रीना तिथेच उंबऱ्यावर बसली. पुढे घरं पडेपर्यंत ती रोज येऊन विचारायची, आणि हेटी हातातलं काम टाकून रोज तेवढंच सांगायची.